उणे चार मीटरवरचा चढ

ग्रिल घ्यायचा हट्ट ओमकारचा होता, हे आधीच सांगून टाकते. पुढे जे घडलं त्यात त्या ग्रिलचा काही दोष नव्हता हे मला आता कळतं. पण तेव्हा पाच दिवस मी सगळा राग त्याच्यावरच काढला, आणि अजूनही शेडमध्ये सायकलींच्या मागे ते दिसलं की माझं डोकं तापतं.

आम्ही नेदरलँड्समध्ये फेल्डहोवनला राहतो. चिप बनवणाऱ्या यंत्रांमध्ये हवा काढून घेतलेले कप्पे असतात, त्यांतला दाब मोजणं हे माझं काम. थोडक्यात, दिवसभर आकडे बघायचे आणि आकड्यांवर विश्वास ठेवायचा. माझा नवरा ओमकार सॉफ्टवेअरवाला, त्याचा विश्वास यूट्यूबवर. गेल्या उन्हाळ्यात माझे बाबा पुण्याहून येणार म्हटल्यावर त्याने स्वित्झर्लंडमध्ये दोन हजार मीटर उंचीवरची तंबूची जागा धरली आणि बॅगेसारखं मिटणारं हे प्रोपेनचं ग्रिल मागवलं. सोबतच्या पुस्तिकेत 'उंचावर वापरताना' असं एक वेगळं पान होतं. ज्योत पिवळी पडू शकते, पाणी कमी तापमानाला उकळतं, पदार्थ शिजायला वेळ लागतो, वगैरे. ते पान त्याने जेवणाच्या टेबलावर सगळ्यांना वाचून दाखवलं. आमची तेरा वर्षांची ईशानी कानात हेडफोन घालून बसली होती, ती वाचली.

बाबा आले आणि तिसऱ्या दिवशी मला त्यांच्या बॅगेत भाकरवडीच्या पाकिटांखाली दडवलेली एक फाइल सापडली. निघण्याआधी केलेल्या तपासण्यांचे रिपोर्ट. मी पुण्याला डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, एक फुफ्फुस जेमतेम चालतंय, हृदयावर ताण आहे, मी त्यांना स्पष्ट सांगितलं होतं की दीड हजार मीटरच्या वर जायचं नाही. विमानात निदान ऑक्सिजनची सोय असते, डोंगरावर नसते. नेलंत तर परत आणाल याची खात्री मी देत नाही.

मी स्वित्झर्लंड रद्द केलं. ओमकारने तोंड पाडलं. बाबा काहीच बोलले नाहीत. आणि बाबा काही बोलले नाहीत की समजायचं, यांनी मनाशी काहीतरी ठरवलंय.

बाबांबद्दल थोडं सांगायला हवं. श्यामकांत सर म्हणून पुण्यात त्यांना दोन पिढ्या ओळखतात. चौतीस वर्षं शाळेत भौतिकशास्त्र शिकवलं आणि एक रविवार आड मुलांना घेऊन गड चढले. वर पोचलं की स्टोव्हवर चहाचं आधण ठेवायचं, ते खळाखळा उकळलं की त्यात काचेचा थर्मामीटर बुडवायचा, आणि आकड्यावरून आपण किती उंच आलो ते काढायचं. उंच जावं तशी हवा विरळ होते, पाणी लवकर उकळतं. एका अंशाला साधारण तीनशे मीटर. थर्मामीटर धरायचा मान माझा असे. मग काळ्या वहीत नोंद व्हायची: ठिकाण, तारीख, अंश, उंची आणि शेवटी त्या दिवशीच्या लीडरचं नाव.

लीडर दर वेळी वेगळा, कधी पाचवीतलं पोरही. पण एकदा नेमला की त्याचा शब्द अखेरचा, त्याचं घड्याळ तेच खरं. नियम दोनच होते. दोन वाजले की जिथे असाल तिथून परत फिरायचं, शिखर वीस पावलांवर असलं तरी. आणि उतरताना लीडर 'थांबा' म्हणेपर्यंत कुठेही टेकायचं नाही, कारण एकदा बसलं की गुडघे धरतात. हे दोन नियम बाबांनी आयुष्यात मोडले नाहीत. हिमालय मात्र राहून गेला. आधी आईचा दमा, मग माझं शिक्षण, मग आईचं शेवटचं आजारपण. वहीतला सगळ्यात कमी आकडा कळसूबाईचा होता, साडेचौऱ्याण्णव.

तर मी काय केलं? नेदरलँड्समध्ये सापडेल तेवढी खड्ड्यातली जागा शोधली. नीउ-व्हेनेपच्या बाहेर योके नावाच्या एका शेतकरीणबाईंचं मिनी-कॅम्पिंग आहे. हा सगळा भाग एकेकाळी तळं होता, पाणी उपसून शेतं केली. कालवा शेतांपेक्षा उंचावरून जातो, त्यामुळे बोटी आपल्या डोक्याच्या वरून सरकताना दिसतात. फाटकावर निळी पाटी आहे: समुद्रसपाटीपासून उणे ४.२ मीटर. डॉक्टरांनी वर नको म्हटलं होतं, मी बाबांना समुद्राच्याही खाली नेलं. याहून आज्ञाधारक मुलगी कुठे मिळणार?

सोमवारी दुपारी तंबू लागले. ढगाळ हवा, गार वारा, दर चार मिनिटांनी स्किपोल विमानतळावर उतरणारं विमान. ओमकारने ग्रिल उलगडलं, प्रोपेनचा सिलिंडर जोडला, साबणाचं पाणी लावून गळती तपासली आणि मक्याची कणसं मांडली. बाजूला मी चहाचं आधण ठेवलं. बाबांनी खुर्ची ओढली, खिशातून तोच जुना थर्मामीटर काढला आणि आधणात बुडवला.

"अठ्ठ्याण्णव पूर्णांक एक," ते म्हणाले.

"इथे शंभर यायला हवेत, बाबा."

"पाणी खोटं बोलत नाही, मृदुला."

"पाणी नाही बोलत. थर्मामीटर बोलतो. माझ्याहून म्हातारा आहे तो."

बाबा हसले आणि वहीत लिहिलं. मी फार लक्ष दिलं नाही. कणसं नीट भाजली गेली नव्हती, ईशानीने एक दाणा खाऊन बाकीचं माझ्या ताटात ठेवलं, आणि मी ओमकारला म्हटलं की ज्या यंत्राला एक कणीस भाजता येत नाही ते सहाशे किलोमीटर वाहून न्यायला निघाला होतास.

मंगळवारी ज्योत पिवळी झाली. निळी सोडून पिवळी, लांब, आळसावलेली. पनीर बाहेरून काळं आणि आतून थंड. कुकरला एरवी तीन शिट्ट्यांत होणारी खिचडी सहा शिट्ट्यांनंतरही कचकचत होती. ओमकारने रेग्युलेटर काढला, पुसला, परत बसवला, फुंकर मारली. मग शेजारच्या तंबूतल्या डच गृहस्थांशी अर्धा तास चर्चा केली. त्यांच्या ग्रिलची ज्योत निळी होती. त्यांचा सिलिंडर आमच्या ग्रिलला लावून पाहिला. पिवळी. आमचा सिलिंडर त्यांच्याकडे लावला. निळी. "म्हणजे ग्रिलच खराब आहे," मी म्हणाले, "आता तरी परत कर." ओमकार म्हणाला, ज्या पानावर पिवळ्या ज्योतीबद्दल लिहिलंय ते पान उंचावरचं आहे, इथे लागू होत नाही. जणू मला ते ठाऊकच नव्हतं.

बाबा सकाळी कालव्याच्या बांधावर चालायला गेले होते. परत आले तेव्हा धापा टाकत होते, पण चेहरा खुश होता.

"आज चढ बराच होता," ते म्हणाले.

त्या भागात चढ म्हणजे बांधाच्या अकरा पायऱ्या.

आधणाचा आकडा त्या दिवशी पंच्याण्णव पूर्णांक सात. "सिंहगड," बाबा स्वतःशीच म्हणाले. मी तंबूत जाऊन खाऊची पिशवी उघडली, कारण निदान भाकरवडी तरी शिजवावी लागत नाही. सगळी पाकिटं फुगून टम्म झाली होती. पाचगणीला जाताना घाटात वेफर्सची पाकिटं फुगतात ना, तशी.

बुधवारी माझा संयम संपला. ओमकारला घरी पिटाळून मी माझा डिजिटल थर्मामीटर मागवला, ज्याची अचूकता मी स्वतः तपासलेली आहे. मग कामावर करते तसंच केलं, एकेक गोष्ट बदलत गेले. योकेबाईंच्या स्वयंपाकघरात पाणी उकळलं: शंभर. तेच पातेलं ग्रिलवर, शेजारी बाबा खुर्चीत वाचत बसलेले: एक्याण्णव पूर्णांक चार. शेजाऱ्यांच्या ग्रिलवर: शंभर. परत आमच्यावर: एक्याण्णव.

आता ग्रिल उचलून खड्ड्यात टाकायचं, एवढंच बाकी होतं. पण बदलायची एक गोष्ट उरली होती. मी ओमकारला सांगितलं, बाबांना घेऊन सुपरमार्केटला जा, दही आण. गाडी फाटकाबाहेर पडली. मी पातेल्यावर वाकून उभी राहिले. ग्रिलची ज्योत पिवळ्याची निळी झाली, पाण्याचे बुडबुडे बसले, पाणी शांत झालं आणि तापत तापत शंभरला जाऊन पुन्हा उकळलं.

अर्ध्या तासाने गाडी आली. बाबा हिरवळीवरून दह्याचा डबा घेऊन सावकाश माझ्याकडे चालत येत होते. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही, आकड्याकडे पाहिलं. नव्याण्णव. सत्त्याण्णव. पंच्याण्णव. ते जसे जवळ येत गेले तसं पाणी वेड्यासारखं उसळायला लागलं. बाबा शेजारी येऊन उभे राहिले तेव्हा नव्वद पूर्णांक नऊ होते.

"ग्रीक दही मिळालं," बाबा म्हणाले. "चालेल ना?"

मी ओमकारला सगळं सांगितलं. तो ग्रिलकडे वळून म्हणाला, "म्हणजे ग्रिल चांगलं आहे." कधी कधी मला वाटतं मी या माणसाशी लग्न केलं कसं.

गुरुवारी सकाळी बाबांचा चेहरा भाजलेला होता. नाक आणि गाल लाल, कातडी सोलवटलेली. चार दिवस सूर्य दिसला नव्हता. आणि भाजलं होतं ते वरून नव्हे. हनुवटीच्या खाली, नाकपुड्यांच्या कडांना, जिथे ऊन कधी लागत नाही तिथे. बर्फावरून परतून आलेल्या उन्हाने लोक असे भाजतात, हे मला नंतर कळलं. त्यांच्या खिशातलं शाईचं पेन गळून शर्टावर मोठा डाग पडला होता. खुर्चीभोवतीच्या गवतावर दव होतं, आणि ते दुपारपर्यंत वाळलं नाही.

कोविडच्या काळातला ऑक्सिमीटर औषधांच्या डब्यात होता. मी बाबांच्या बोटाला लावला. सत्त्याऐंशी.

मी हाउसआर्ट्सच्या, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरांच्या, दवाखान्यात फोन केला. तिथल्या सहायक बाईंनी लक्षणं विचारली. धाप लागते, ओठ निळसर, डोकं दुखतं, ऑक्सिजन कमी. त्या म्हणाल्या, अलीकडे उंचावर जाऊन आलात का? मी म्हणाले, नाही, नीउ-व्हेनेपला आहोत. त्यांनी उद्या दुपारी चारची वेळ दिली आणि डोकेदुखीसाठी पॅरासिटामॉल सांगितलं.

फोन ठेवून मी इंटरनेटवर शोधलं. उंचीमुळे होणाऱ्या त्रासावर सगळीकडे एकच उपाय होता, ठळक अक्षरांत: रुग्णाला ताबडतोब खाली आणा.

खाली कुठे आणू? आम्ही देशाच्या तळाशी बसलो होतो. घरी न्यावं तर फेल्डहोवन इथून वीस-पंचवीस मीटर उंच. मला इतका संताप आला की रडूच आलं. मी बाबांच्या समोर जाऊन उभी राहिले.

"बाबा, तुम्ही काय करताय?"

"मी कुठे काय करतोय? बसलोय."

"माझ्याशी खोटं बोलू नका. रिपोर्ट लपवलेत तेही मी सहन केलं. तुम्हाला झेपणार नाहीये हे. कळतंय का? तुम्ही मराल."

त्यांनी वही मिटली. बराच वेळ कालव्याकडे बघत राहिले. एक पांढरी बोट वरून सरकत गेली.

"तू नेणार नव्हतीस," ते म्हणाले. "तुझंही बरोबर आहे गं. म्हटलं, आपलं आपण निघावं."

"कुठे निघावं?"

ईशानी तंबूच्या दारात उभी होती. तिने हेडफोन काढले होते. "मम," ती हळूच म्हणाली, "व्हाय इज आजोबाज ब्रेथ व्हाइट?"

बाबांच्या तोंडातून वाफ येत होती. जुलै महिना होता. माझ्या तोंडातून येत नव्हती.

शुक्रवारी ते चालायला गेले नाहीत. चालायची गरजच राहिली नव्हती. खुर्चीत बसून होते, स्वेटरवर स्वेटर, पायांवर माझी गोधडी, नजर कालव्याच्या बांधाच्या वर कुठेतरी. तिथे आकाशाशिवाय काही नव्हतं. दर श्वासाबरोबर खांदे वर उचलले जात होते. एक वाजता ऑक्सिमीटर ऐंशी दाखवत होता. दीड वाजता शहात्तर. ओमकारने एकशे बारा नंबर फिरवला. अॅम्ब्युलन्स निघाली आहे, पंधरा मिनिटं लागतील, असं ते म्हणाले.

ग्रिलवर पातेलं होतं. मला दुसरं काही सुचलं नाही म्हणून मी ग्रिल पेटतं ठेवलं होतं. निदान तिथे आकडा होता. त्र्याऐंशी पूर्णांक एक. शंभराच्या सतरा अंश खाली, आणि तरी खळाखळा उकळत होतं ते पाणी.

"बाबा," मी विचारलं, "कुठे आहात?"

"शेवटचा टप्पा." एकेक शब्द सुटा येत होता. "फार नाही आता."

ब्याऐंशी पूर्णांक आठ.

"परत फिरा."

"दोन वाजायला अवकाश आहे."

मला एकदम आठवलं. मी गवतावर त्यांच्या समोर गुडघे टेकून बसले. गवत गार होतं, नुसतं गार नाही, टोचत होतं.

"आज लीडर कोण आहे?"

त्यांची नजर बांधाच्या वरच होती.

"बाबा. लीडर कोण?"

"कोणी नाही," ते म्हणाले. त्यांना खरोखर ओशाळल्यासारखं झालं होतं. "एकटाच आहे."

"लीडरशिवाय तुम्ही कधी निघाला नाहीत. आज लीडर मी."

ब्याऐंशी पूर्णांक पाच. ओमकार फाटकाशी उभा राहून रस्त्याकडे बघत होता.

"बरं," बाबा म्हणाले. "किती वाजले तुझ्या घड्याळात?"

मी मनगटाकडे पाहिलं. एक वाजून अठ्ठेचाळीस मिनिटं.

"दोन," मी म्हणाले. "दोन वाजून गेले, बाबा."

त्यांनी माझ्या घड्याळाकडे बघितलं नाही. ते कधीच लीडरचं घड्याळ तपासत नसत. त्यांनी फक्त समोर, वर, पुन्हा एकदा पाहिलं.

"वीस पावलं होती," ते म्हणाले.

"फिरा."

"फिरतो."

"आणि मी थांबा म्हणेपर्यंत उतरत राहायचं. मध्ये कुठेही टेकायचं नाही. ऐकताय ना?"

"ऐकतोय."

ब्याऐंशी पूर्णांक तीन. तीन. तीन. चार.

अॅम्ब्युलन्स आली तोवर आकडा पंच्याण्णवच्या पुढे गेला होता. त्यांनी त्यांचा ऑक्सिमीटर लावला: शहाण्णव. बाबांचे ओठ गुलाबी होते. अॅम्ब्युलन्समधल्या बाईंनी माझा ऑक्सिमीटर हातात घेऊन उलटसुलट पाहिला, मग फाटकावरची पाटी पाहिली, मग मला पाहिलं. ओमकारने त्यांना कणीस विचारलं. ग्रिलची ज्योत निळी झाली होती आणि कणसं पाच दिवसांत पहिल्यांदा नीट भाजली होती.

मी पाणी गवतावर ओतून दिलं, गॅस बंद केला आणि तंबूत जाऊन पोटभर रडले. मग झोपले. आकडा नव्याण्णवच्या पुढे गेलेला मी पाहिलाच नाही. पाहायचं कारणही नव्हतं. बाबा खाली आले होते.

संध्याकाळी त्यांनी वहीत नोंद केली. मी खांद्यावरून वाचली. नीउ-व्हेनेप, ब्याऐंशी पूर्णांक तीन, सव्वापाच हजार मीटर. दोन वाजता परत. लीडर: मृदुला.

मी खरी वेळ सांगितली नाही. कधीतरी सांगेन असं वाटलं होतं.

पुढचे दोन महिने बाबा फेल्डहोवनला आमच्याकडे राहिले आणि ग्रिलचं नावही कुणी काढलं नाही. बाबांची तब्येत उत्तम होती. ते सपाट फरशीवरही जरा जपून, तिरके चालत, आधी टाच टेकवत. मी ते गुडघ्यांवर ढकललं. उरलेल्या भाकरवडीची पाकिटं चपटी होऊन आतल्या तुकड्यांना घट्ट चिकटली होती. मला वाटलं, कुठेतरी भोक पडलं असेल. सप्टेंबरच्या शेवटी ते परत गेले. पुण्याच्या डॉक्टरांनी तपासून मला मुद्दाम फोन केला. म्हणाले, ऑक्सिजन नव्याण्णव आहे, काय केलंत? हवा मानवली त्यांना तुमच्याकडची.

बाबांचं फोनवर रोजचं सांगणं चालू झालं. भाजी काय केली, पाणी कधी आलं, आणि सकाळच्या चहाचा आकडा. पुणे साडेपाचशे मीटरवर आहे, तिथे आधण अठ्ठ्याण्णवला उकळतं. ऑक्टोबरात ते म्हणाले, शंभर पूर्णांक आठ.

"थर्मामीटर बिघडलाय," मी म्हणाले. "किती वेळा सांगितलं तुम्हाला. नवा घ्या."

त्यांनी नवा घेतला. नोव्हेंबरात त्याने एकशे दोन दाखवले. मी म्हटलं, पाण्यात मीठ पडलं असेल. मी कामात होते, मला त्या आकड्यांचा वैताग आला होता, मी ऐकून सोडून देत होते. स्वयंपाकाच्या बाईंनी एकदा फोन घेऊन तक्रार केली की सरांच्या स्वयंपाकघरात भात फार लवकर गाळ होतो, आणि सर दिवसभर घरातले दिवे लावून बसतात.

डिसेंबरात एका शुक्रवारी बाबा सहज बोलून गेले, "एकशे चार झाले आज. उतार सोपा असतो, पाय आपोआप पडतात. तू सांगशील म्हणून वाट बघतोय, बाकी काही नाही."

त्यांनी फोन ठेवला. मी फेल्डहोवनच्या माझ्या स्वयंपाकघरात उभी होते आणि मला काही क्षण कळलंच नाही की मला इतकी थंडी का वाजतेय. एका अंशाला तीनशे मीटर, आणि शंभराच्या वर म्हणजे समुद्राच्याही खाली. ब्याऐंशीवरून मी त्यांना उतरायला लावलं होतं. मध्ये कुठेही टेकू नका म्हटलं होतं. आणि मग झोपले होते.

मी लगेच परत फोन लावला. लागला नाही. रात्रभर लागला नाही. शनिवारी सकाळी व्हिडिओ कॉल लागला.

पुण्यात भर दुपार होती. बाबा गॅलरीत बसले होते, मागे दोरीवर कपडे वाळत होते, आणि ऊन एवढं होतं की माझ्या फोनचा पडदा पांढरा पडला होता. बाबांचा चेहरा फिकट दिसत होता, फार दिवस उजेड न पाहिल्यासारखा. कपाळावर त्यांनी ट्रेकचा टॉर्च बांधला होता. तो चालू होता.

"बाबा," मी म्हणाले, "थांबा."

त्यांनी कानामागे हात धरला. "काय? मोठ्याने बोल. कानांत दडे बसलेत."

"थांबा! मी थांबा म्हणतेय! मी लीडर म्हणतेय, थांबा!"

ईशानी जिन्यावरून धावत खाली आली. मी तिच्या वहीचं पान फाडलं, मार्करने मोठ्या अक्षरांत लिहिलं आणि कॅमेऱ्यासमोर धरलं. बाबा पडद्याच्या अगदी जवळ आले. डोळे बारीक केले. त्यांच्या डोळ्यांतल्या बाहुल्या केवढ्या मोठ्या झाल्या होत्या.

"दिसत नाही गं काही," ते म्हणाले. आवाजात तक्रार नव्हती. "काळजी करू नकोस. तू सांगितलंस तसंच चाललंय. मध्ये कुठेही टेकलो नाही."

मग त्यांनी मान खाली घातली. टॉर्चचा झोत पायांशी गेला. उन्हाने भरलेल्या फरशीवर त्यांचा उजवा पाय पुढे सरकला, जरा तिरका, आधी टाच.